उजेड वाढवून मिळेल

हल्ली आमच्याकडे कोणी नुसतं येत नाही. आधी प्रकाशाची एक तिरीप पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात जाते. मग गाडीचं दार उघडतं. मग एक पांढरा बूट अत्यंत सावकाश जमिनीला टेकतो, आणि मग कुठे भाऊ येतात. भाऊ त्या दिवशी प्रत्यक्षात तहसील कचेरीत उताऱ्यासाठी निघालेले असतात. पण वाढदिवसाच्या रीलमध्ये ते उतरतात तेव्हा सूर्य त्यांच्या खांद्यामागे हजर असतो. गॉगलच्या काचेवर एक चांदणी चमकते, गळ्यातल्या साखळीवर दुसरी, आणि मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांपैकी ज्याने रीलचे पैसे दिलेत त्याच्या अंगठीवर तिसरी. खाली अक्षरं येतात, ‘भावी नगरसेवक’. तीही पेटलेली असतात.

हे सगळं तेज एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत तयार होतं. खोलीत दोन मॉनिटर, एक पंखा, चहाचे कप, आणि मागच्या भिंतीवर स्टुडिओवाल्याच्या वडिलांनी काढलेले जुने फोटो. वडिलांच्या काळात लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरा-नवरी गुलाबाच्या पाकळीतून बाहेर यायचे आणि बदामात शिरायचे. मुलाने बदाम बंद केला. मुलाकडे ग्लो आहे, स्ट्रीक आहे, फ्लेअर आहे, लाइट रेज आहेत. गिऱ्हाईक आलं की तो नेहमीच्या सुरात विचारतो, “साधं करायचं का उजेड वाढवून?” साधं करा असं सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हा उजेड वाढतो कसा, हे त्याने मला एकदा नीट समजावून दिलं. संगणकाला चित्र दिसत नाही, आकडे दिसतात. साध्या आठ बिटच्या व्हिडिओत काळ्याकुट्ट ठिपक्याला 0 आणि पांढऱ्याशुभ्र ठिपक्याला 255. ग्लो लावला की सॉफ्टवेअर आधी मध्येच कुठेतरी एक रेघ मारतं, समजा 200 वर. त्याला थ्रेशोल्ड म्हणायचं. रेघेच्या वरचे ठिपके तेवढे वेचायचे, त्यांची वेगळी प्रत काढायची, ती धूसर करायची आणि मूळ चित्रावर पुन्हा ओतायची. किती दूरवर पसरवायचं ते रेडियस ठरवतो, किती जोरात ते इंटेन्सिटी ठरवते. ही प्रत चहूबाजूंना न पसरवता एकाच दिशेने ताणली, की झाली स्ट्रीक. चार दिशांना ताणली की चांदणी. संपलं शास्त्र.

म्हणजे हा सगळा अकरावीच्या कटऑफचा मामला आहे. रेघेच्या वर असाल तर तेज, खाली असाल तर तुमचं नशीब. घरची परिस्थिती कोणी विचारत नाही. ज्याचं आधीच चकाकतंय त्यालाच आणखी चकाकी द्यायची, एवढा एकच नियम सॉफ्टवेअरला ठाऊक आहे. लायकी, वय, मानपान, घराणं यातलं त्याला काहीही कळत नाही. आपल्या समाजात हे फार अडचणीचं आहे.

पहिली अडचण पुढाऱ्यांची. पुढारी पांढरे कपडे घालतात, तेही नीळ-खळ करून, कडक इस्त्रीचे. भर उन्हात असा शर्ट आकड्यांत 250 च्या आसपास पोचतो. चेहरा, मतदारसंघात उन्हातान्हात हिंडून, 100 च्या खाली. ग्लो लावला की शर्ट उजळतो, कॉलर उजळते, खिशातलं पेन उजळतं, आणि त्यांच्या मधोमध एक काळोखी जागा राहते, ते साहेब. काही रील्समध्ये मी शर्टाला भाषण करताना पाहिलं आहे. कार्यकर्त्यांची मात्र तक्रार नसते. “साहेबांचं तेजच असं आहे की बघवत नाही,” असं ते म्हणतात, आणि ते अक्षरशः खरं असतं.

दुसरी अडचण देवाची. गावातल्या विठोबाच्या देवळाची कमिटी काकडआरतीचं शूटिंग घेऊन आली होती. देवाचा चेहरा तेजस्वी दिसला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. आता विठोबा काळ्या पाषाणाचा, गाभारा अंधारा, समईचा उजेड केवढासा. ग्लो लावला. देव होता तसाच राहिला. पुढे ठेवलेली स्टीलची दानपेटी मात्र अशी काही झळाळली, की कमिटीतले दोन जण नकळत हात जोडून बसले. स्टुडिओवाल्याने थ्रेशोल्ड खाली आणला. आता दानपेटीबरोबर पुजाऱ्याचं धोतर, घंटा आणि ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटीसुद्धा दिव्य झाली. देव अजूनही अंधारात. “सॉफ्टवेअरला देव दिसंना, पेटी तेवढी दिसतीया,” असं कमिटीतले एक आजोबा म्हणाले, आणि खजिनदार उगाचच खाकरले.

यावर इलाज म्हणजे मास्क. ज्याला उजळायचं त्याच्याभोवती हाताने रेघ आखायची आणि ग्लोला सांगायचं, बाबा, तुझं जे काय आहे ते या कुंपणाच्या आत कर. देव एका जागी उभा, अठ्ठावीस युगं हललेला नाही, त्यामुळे त्याचा मास्क पाच मिनिटांत होतो. खरा कस लागतो लग्नात. लग्नात कोणी स्थिर नसतं.

आमच्या भाचीच्या लग्नाची फिल्म जुळवायला नवरीचे थोरले मामा स्वतः स्टुडिओत जाऊन बसले. त्यांच्याबरोबर मीही होतो, चहापुरता. मामांना एडिटिंगमधलं काही कळत नाही. पण साखर कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर म्हणून त्यांची नोकरी झालेली आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचा त्यांना सराव आहे.

“पोरगी चमकली पाहिजे बघ,” मामा म्हणाले.

मंगलाष्टकांचा शॉट होता. स्टुडिओवाल्याने ग्लो टाकला. सगळ्यात आधी पेटला अंतरपाट. कोरं पांढरं कापड, त्यावर दोन्ही बाजूंनी व्हिडिओ लाइट. तो उजळला, पसरला आणि त्याने नवरा, नवरी, दोन करवल्या आणि मुलाकडचे एक काका यांना पोटात घेतलं. त्यापाठोपाठ गुरुजींचं टक्कल. गुरुजी मुळात विद्वान, पण त्या दिवशी त्यांची विद्वत्ता डोक्याच्या वर वीतभर दिसत होती. मागे रुखवताच्या टेबलावर स्टीलचे डबे होते. ते तर अशा काही थाटात उजळले, की लग्न त्यांचंच आहे आणि बाकीची मंडळी आहेर घेऊन आली आहेत असं वाटावं.

“आणि पोरगी?” मामांनी विचारलं.

पोरगी हिरव्या शालूत होती. गर्द हिरवा रंग आकड्यांत फार खाली असतो. तिची नथ तेवढी पात्र ठरली होती.

“अहो मामा, मास्क करावा लागंल. येळ जाईल.”

“जाऊ दे की. आपण कुठं चाललोय?”

आपल्याकडे लग्नाचं शूटिंग बहुतेक वेळा सेकंदाला 25 फ्रेमनं होतं. म्हणजे चार सेकंदांच्या शॉटमध्ये नवरीचे शंभर फोटो. सॉफ्टवेअर मास्कचा माग आपला आपण काढतं, हे खरं. पण ते साधं, सरळ वळणाचं आहे. नवरी खाली बघते, मधे मामी येते, मामी गेली की मास्क मामीबरोबर जातो. अक्षता उडायला लागल्या की त्याची मतीच गुंग होते. दुपारपर्यंत नवरीचं तेज आधी मामीला, मग वाजंत्र्याला आणि शेवटी मांडवात शिरलेल्या एका लहान मुलाच्या फुग्याला लागलं. मामांनी प्रत्येक वेळी तेज परत आणवलं. संध्याकाळी पोरगी खरंच चमकली. तोवर नवरदेवाकडे कोणाचं लक्षच नव्हतं; त्याला कोणी मास्क केला नव्हता, आणि तो पूर्ण लग्नभर एका सोज्ज्वळ काळोखात उभा आहे. मामा म्हणाले, तसाच असू दे.

हळदीच्या शॉटला तर निळी स्ट्रीक हवीच असा मुलाकडचा आग्रह होता, कारण त्यांच्या थोरल्या मुलाच्या फिल्ममध्ये ती आहे. आता प्रकाशाचा हिशोब रंगपेटीसारखा चालत नाही. पिवळ्या उजेडात निळा उजेड मिसळला की हिरवा होत नाही, पांढरा होतो. ती निळी रेघ नवरीच्या हळदीने माखलेल्या गालावरून गेली, आणि जिथून गेली तिथली हळद धुऊन निघाली. पाच सुवासिनींनी लावलेली हळद दीड सेकंदात साफ. मुलाकडची मंडळी खूष झाली.

ही निळी रेघ नेमकी आली कुठून, याचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. हेन्री क्रेतिएँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1920 च्या दशकात एक भिंग बनवलं, जे रुंद दृश्य आडवं दाबून नेहमीच्या फिल्मवर बसवायचं; दाखवताना उलट भिंगाने ते पुन्हा ताणायचं. हॉलीवूडने त्यावरून 1953 मध्ये ‘द रोब’ काढला आणि सिनेमास्कोप जगभर गेला. या भिंगांची एक खोड होती. समोरून प्रखर दिवा आला की तो चित्रभर आडवी रेघ ओढायचा, बहुधा निळसर. खोडच ती. पण मोठ्या सिनेमांत दिसली म्हणून ती मोठ्या सिनेमाची खूण झाली, आणि आता ज्या मोबाइलच्या भिंगात ती येऊच शकत नाही, त्यावर काढलेल्या बारशाच्या व्हिडिओत ती पैसे देऊन घालतात.

आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्तचा ‘कागज के फूल’, 1959 चा. त्यात स्टुडिओच्या अंधारात वरून उतरणारा उन्हाचा एक झोत आहे. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचं खरं ऊन मोठ्या आरशांनी परतवून आत आणलं होतं. झोत दिसायला हवेत धूळ किंवा धूर लागतो. स्वच्छ हवेत उजेड येतो आणि जातो, कोणाला पत्ता लागत नाही. सॉफ्टवेअरमधल्या लाइट रेजना धूळ लागत नाही, ऊन लागत नाही, मूर्तीही लागत नाहीत. आमच्या भाचीच्या फिल्ममध्ये असा एक झोत थेट जिलबीच्या परातीतून वर गेलेला आहे. मी स्टुडिओवाल्याला ती आरशांची गोष्ट सांगितली, आणि एवढं करूनही सिनेमा तेव्हा पडला हेही सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, “फ्लेअर कमी पडला आसंल.”

तो कमी कधीच पडू नये याची काळजी पुढे अमेरिकेत जे. जे. अब्रॅम्स यांनी घेतली. 2009 च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये त्यांनी चौकटीबाहेर माणसं उभी करून भिंगावर विजेऱ्या मारायला लावल्या. भविष्यकाळ इतका उज्ज्वल दिसला पाहिजे की तो भिंगात मावता कामा नये, असा काहीसा विचार. पुढच्या भागाचा कच्चा तुकडा त्यांनी बायकोला दाखवला तेव्हा एका प्रसंगात ती म्हणाली की मला काही दिसतच नाहीये. मग ज्या कंपनीकडे अवकाशयानं उडवायचं काम असतं, त्याच कंपनीकडून त्यांनी काही ठिकाणचा फ्लेअर पुसून घेतला. हे त्यांनी स्वतःच हसतहसत सांगितलेलं आहे. घरात एक स्पष्टवक्तं माणूस असलं की केवढा खर्च होतो, आणि वाचतो, ते यावरून दिसतं. आमच्या मामांच्या घरी मामी आहेत. पण त्यांचा स्वतःचाच शॉट मामांनी उजळून घेतला असल्यामुळे त्या गप्प राहिल्या.

मला गंमत वाटते ती भिंग बनवणाऱ्यांची. बिचाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या हाच फ्लेअर घालवण्यासाठी घाम गाळला. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. भिंगात अशा काचा एकामागून एक, त्यामुळे तो आतल्या आत आपटत राहतो आणि चित्रावर डाग, वलयं, फटफटीतपणा आणतो. 1935 मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ लेप देऊन हे कमी करण्याची युक्ती काढली. आज भिंगावर तिरका उजेड पडला की जो जांभळट-हिरवा रंग दिसतो तो असल्याच लेपांचा. एवढं करून भिंग निर्मळ झालं, तेव्हा फोटोशॉप घडवणाऱ्या नोल बंधूंपैकी जॉन नोल यांनी भिंगाचे तेच डाग संगणकावर हुबेहूब काढून देणारं लाइट फॅक्टरी नावाचं सॉफ्टवेअर केलं. लोकांनी ते विकत घेतलं. मग ऑप्टिकल फ्लेअर्स आलं, शाईन आलं. आता मोबाइलमधल्या अॅपमध्ये ते फुकट मिळतं, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘सिनेमॅटिक’.

अर्थात हा हव्यास संगणकाने आणलेला नाही. जुन्या हॉलीवूडमध्ये नायिकेचा चेहरा मऊ दिसावा म्हणून भिंगापुढच्या काचेला व्हॅसलीन फासत, नाहीतर बायकांचा पातळ पायमोजा भिंगावर ताणून बसवत. काचेवर बारीक चरे पाडलेला स्टार फिल्टर लावला की दिव्याला, दागिन्याला चांदण्या फुटत. आपल्याकडे तर याहून जुनं काम आहे. देवाच्या मागे पितळेची प्रभावळ आपण शतकानुशतकं बसवत आलो. छापील तसबिरी घरोघर गेल्या तेव्हा देवांच्या डोक्यामागे पिवळं वलय छापूनच आलं; त्याला रेंडरिंग लागलं नाही. आणि 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा दोन्हीकडून दोन बाण निघायचे, चमचमत सावकाश एकमेकांकडे यायचे, आकाशात समोरासमोर थांबल्यासारखे व्हायचे आणि मग एक विझायचा. सबंध गल्ली श्वास रोखून बसलेली असायची. आमच्या स्टुडिओवाल्याचे वडील म्हणतात की आपण या धंद्यात आलो ते त्या बाणांमुळे. त्या बाणांत मात्र एक शिस्त होती. तेज कोणाला द्यायचं हे माणूस ठरवत होता. रावणाचा मुकुट कितीही चकचकीत असला तरी विझायचा त्याचाच बाण.

आकाशातले तारेही याला अपवाद नाहीत, हे एक मला फार आवडतं. हबल दुर्बिणीच्या फोटोंत ताऱ्याला चार काटे दिसतात, वेब दुर्बिणीच्या फोटोंत आठ. ताऱ्याला काटे नसतातच; हबलमध्ये ते आतल्या आधाराच्या दांड्यांनी येतात, वेबमध्ये दांड्या आणि षट्कोनी आरसे मिळून ते काम करतात. म्हणजे पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर अब्जावधी डॉलरची दुर्बीण नेऊन ठेवली, तरी तिच्यात भाऊंच्या गॉगलवरची चांदणी उमटतेच. आणि ते फोटो बघून आपण म्हणतो, काय सुंदर!

आता आमच्या आजोबांचं. म्हणजे नवरीच्या पणजोबांचं. घरात सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ते ऑपरेशनला तयार नव्हते. रात्री स्टँडवर दिवे लागले की ओट्यावर बसून सांगायचे, प्रत्येक दिव्याला केवढं गोल कडं पडलंय, मोटारी येतात तर त्यांच्यापुढे हातहातभर किरणं येतात. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की उजेड आत शिरताना विखुरतो, दिव्याभोवती वलय दिसतं. डॉक्टर हेच विचारतात. थोडक्यात, स्टुडिओवाला ज्याचे पैसे घेतो ते आजोबांना गेली काही वर्षं घरबसल्या फुकट मिळत होतं, तेही रेंडरिंगची वाट न बघता. लग्न त्यांनी तसंच पाहिलं. त्यांच्या मते एवढं झगमगीत लग्न त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

लग्नानंतर सगळ्यांनी मिळून त्यांना ऑपरेशनला नेलं. आधी एक डोळा, मग दुसरा. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर तिथीसकट वाचून दाखवलं, सुनेचे पिकलेले केस पहिल्यांदा पाहिले, रस्त्यावरच्या दिव्याकडे बघून “एवढाच व्हय ह्यो?” असं म्हणाले आणि दोन दिवस थोडे उदास राहिले. पण डोळे लख्ख झाले, याबद्दल शंका नव्हती.

लग्नाची फिल्म रीतीप्रमाणे उशिरा आली. भाचीच्या डोहाळजेवणाला सगळे जमले होते, तेव्हाच टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. आजोबांना सगळ्यांत पुढची खुर्ची दिली. पडद्यावर मांडव उगवला. प्रत्येक दिव्याला गोल कडं, समईतून किरणं, अंतरपाट ढगासारखा पेटलेला, गुरुजींच्या डोक्यावर पौर्णिमा. मामा अभिमानाने एकेका शॉटची माहिती देत होते. आजोबांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून पाहिलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. मग त्यांनी हाक मारली.

“आरं, गाडी काढा. डॉक्टरनं फसवलं.”